एर्गोनॉमिक्समध्ये एमएस करायचंय?

इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगमध्ये एमएस, त्यातही एर्गोनॉमिक्स, असं सांगितलं की घरचे विचारतात, "म्हणजे खुर्च्या बनवायच्या?" एर्गोनॉमिक्स म्हणजे काम आणि साधनं माणसाच्या शरीराला आणि डोक्याला झेपतील अशी आखण्याचं शास्त्र. खुर्चीवर त्यात फार तर एखादी असाइनमेंट होते. बाकी वेळ जातो तो स्टॅटिस्टिक्स, माणसांची मोजमापं आणि परवानग्या यांत.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हा विषय आयई (इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग) विभागातच असतो आणि त्याच्या दोन वाटा आहेत. एक शरीराची: उचलणं, वाकणं, कंबर, मनगट. दुसरी डोक्याची: डिस्प्ले, अलार्म, चुका. ओहायो स्टेटचं नाव मणक्याच्या संशोधनासाठी, विस्कॉन्सिनचं हॉस्पिटलांतल्या कामासाठी. तेव्हा रँकिंग बाजूला ठेवा आणि प्रोफेसरांचे अलीकडचे पेपर चाळा. ज्या लॅबमधून बऱ्याच दिवसांत काहीच बाहेर पडलेलं नाही, तिथे असिस्टंटशिपची (प्रोफेसरांच्या हाताखालच्या पगारी कामाची) आशा धरू नका. निओश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रांत ट्रेनीशिप असतात, पण त्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. त्या भरवशावर बजेट आखू नका.

सुरुवातीलाच गाठ पडते ती निओशच्या वजन उचलण्याच्या समीकरणाशी. त्यात आधी २३ किलो धरतात. ओझं अंगालगत, जमिनीपासून ७५ सेंमीवर, कंबर न वळवता आणि अधूनमधूनच उचललं, तर एवढं चालेल. मग एकेक गुणक त्यातून कापत जातो. घोट्यांपासून हात २५ सेंमी पुढे असतील तर गुणक १. ५० सेंमीवर गेले की ०.५, म्हणजे उरले साडेअकरा किलो. खोकं तेच, माणूस तोच, मध्ये फक्त पॅलेटचा कोपरा आला! आपल्याकडची सिमेंटची गोणी ५० किलोची. सगळे गुणक १ धरले तरी लिफ्टिंग इंडेक्स, म्हणजे प्रत्यक्ष वजन भागिले चालेल एवढं वजन, २ च्या वर जातो. पण तीच गोणी पाठीवर घेऊन हमाल फळीवरून ट्रकमध्ये चढतो, तेव्हा हे समीकरण लावायचंच नाही. ते दोन्ही हातांनी उचलण्यापुरतं आहे, वाहून नेण्यासाठी नाही. आकडे घालून उत्तर कुणीही काढतं. कुठलं साधन कुठे चालत नाही हे ओळखणं, माझ्या मते, खरं शिक्षण.

मेकॅनिकलवाल्यांना बायोमेकॅनिक्स सोपं जातं, फ्री बॉडी डायग्रामच तो. त्यांना घाम फोडते ती लॅब. ईएमजीचे (स्नायूंतले विद्युत संकेत मोजण्याचे) इलेक्ट्रोड लावण्याआधी त्या जागेचे केस काढा, अल्कोहोलने पुसा, वायर हलणार नाही अशी चिकटवा. मग स्वयंसेवकाला पूर्ण जोर लावायला सांगायचं, कारण पुढचे सगळे आकडे त्या जोराच्या टक्क्यांत मांडायचे असतात. आणि अनोळखी माणसासमोर पूर्ण जोर कुणी लावत नाही, लाजतात. शेजारी उभं राहून "पुश, पुश, पुश" असं ओरडावं लागतं. (कबड्डीच्या मैदानाबाहेर उभं राहिलेल्यांना हे चांगलं जमतं.) थीसिस करणार असाल तर आयआरबीकडे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीकडे, अर्ज लवकर टाका. मंजुरी येईपर्यंत रूममेटचाही डेटा घेता येत नाही.

डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स आणि आर (R ही स्टॅटिस्टिक्सची संगणकभाषा) चुकवू नका. सिम्युलेशन, ऑपरेशन्स रिसर्च हेही घ्या, आवड नसली तरी. कारण नोकरीचं गणित वेगळं आहे. नोव्हेंबर २००० मध्ये ओशाने, म्हणजे कामाच्या जागच्या सुरक्षिततेचे नियम करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, एर्गोनॉमिक्सचा नियम काढला आणि मार्च २००१ मध्ये तिथल्या काँग्रेसने (संसदेने) तो रद्द केला. तेव्हापासून देशपातळीवर सर्व उद्योगांना लागू होईल असा नियमच नाही. त्यामुळे 'एर्गोनॉमिस्ट' हे पद हौशीने कुणी काढत नाही. कामगारांच्या दुखापतींचा खर्च ज्यांना टोचतो, ते वाहन कारखाने आणि मोठी गोदामं माणसं घेतात. जाहिराती शोधताना ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा), सेफ्टी, ह्यूमन फॅक्टर्स हे शब्द टाका. मेडिकल उपकरणांच्या कंपन्यांकडे नक्की बघा, तिथे एफडीए या औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेला वापरातल्या चुकांचा हिशेब द्यावा लागतो. संरक्षण खात्याशी जोडलेल्या बऱ्याच जागा नागरिकत्वावर अडतात. ओपीटीचे (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीचे) १२ महिने आणि स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीमुळे मिळणारे, वाढीव २४, एवढ्यात जम बसवायचा असतो.

भारतातच शिकायचं असेल तर हा विषय बऱ्याचदा डिझाइनच्या छत्राखाली सापडतो. आयआयटी मुंबईत आयईओआर (इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च) विभागाचा कल ऑपरेशन्स रिसर्चकडे, एर्गोनॉमिक्स बघायचं तर आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन स्कूलमध्ये. गुवाहाटीच्या आयआयटीतही ते डिझाइन विभागात आहे. तिथल्या एमडेससाठी (डिझाइनमधल्या मास्टर्ससाठी) गेट नव्हे, सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात चित्र काढावं लागतं, तेव्हा पेन्सिल आतापासूनच हातात धरा.