महिला खासदारांची टक्केवारी: दोन देशांची तुलना करण्याआधी काय तपासावे

रवांडा पहिला आणि भारत पार मागे, अशी क्रमवारी अधूनमधून फिरत असते. आकडे बहुधा खरे असतात. गफलत होते ती त्यांना शेजारी शेजारी बसवताना. लेखासाठी, भाषणासाठी किंवा वर्गातल्या तक्त्यासाठी ते वापरायचे असतील, तर पुढच्या क्रमाने जा.

१. सभागृह आणि तारीख
आकडा जिनिव्हाच्या आंतर-संसदीय संघाच्या ‘पारलाइन’ या माहितीसाठ्यातून घ्या. तिथली देशांची क्रमवारी कनिष्ठ किंवा एकमेव सभागृहावर लागते. भारतापुरती फक्त लोकसभा. जागतिक सरासरी मात्र सगळी सभागृहे धरून सांगतात: १९९५ मध्ये ११.३ टक्के, १ जानेवारी २०२५ रोजी २७.२. लोकसभेचा आकडा या सरासरीशेजारी ठेवलात तर खाली तशी टीप द्या.

निकालाच्या रात्रीचा आकडा उचलू नका. २०२१ मध्ये आइसलँडच्या ६३ जागांपैकी ३३ महिलांना, म्हणून ‘युरोपातली पहिली महिला-बहुमताची संसद’ अशा बातम्या जगभर झळकल्या. एका मतदारसंघात फेरमोजणी झाली आणि ३३ चे ३० झाले.

२. छेद
टक्केवारीच्या शेजारी मूळ संख्या लिहाच. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४, म्हणजे १३.६ टक्के, २०१९ मध्ये ७८, म्हणजे १४.४. ही घट सुमारे पाऊण टक्केबिंदूची आहे, पाऊण टक्क्याची नव्हे. महिला खासदारांची संख्या पाच टक्क्यांनी कमी झाली. छेद लहान असेल तर टक्केवारी काढूच नका. महाराष्ट्रातून ४८ पैकी ७ हे सांगण्यासारखे आहे, पण गोव्याच्या दोन जागांत एक महिला आली की लगेच ५० टक्के!

३. त्या कोणत्या वाटेने आल्या?
खरे काम इथे आहे. प्रत्येक देशासाठी तीन रकाने करा: मतदारसंघातून, पक्षाच्या यादीतून (मत पक्षाला पडते, जागा पक्षाच्या यादीतल्या नावांनी भरतात), राखीव जागेतून.

रवांडाच्या प्रतिनिधी सभेत ८० जागा आहेत. त्यांतल्या २४ महिलांसाठी राखीव असून त्या निर्वाचक मंडळांतून अप्रत्यक्षपणे भरल्या जातात. २०२४ मध्ये एकूण ५१ महिला आल्या, म्हणजे ६३.८ टक्के. राखीव २४ वजा केल्या तर उरलेल्या ५६ जागांत २७, म्हणजे ४८ टक्के. आकडा तरीही मोठाच आहे, पण ६३.८ नव्हे.

नेपाळचे चित्र उलटे. राज्यघटनेप्रमाणे प्रत्येक पक्षाच्या निवडून आलेल्या सदस्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. २०२२ मध्ये २७५ पैकी ९१ आल्या, पण थेट लढतीच्या १६५ जागांतून फक्त ९. बाकीच्या ८२ यादीच्या ११० जागांतून. थेट जागा पुरुषांना द्यायच्या आणि भरपाई यादीतून करायची, हा पक्षांचा हिशेब एकाच टक्केवारीत दिसणार नाही.

पाकिस्तानच्या कनिष्ठ सभागृहातल्या ३३६ पैकी महिलांसाठी राखीव ६० जागा पक्षांना जिंकलेल्या सर्वसाधारण जागांच्या प्रमाणात मिळतात. त्यावर मतदाराचा थेट हात नसतो.

४. कोट्यातली पळवाट
‘कायदा आहे’ एवढ्यावर थांबू नका; मोडला तर काय होते ते पाहा. फ्रान्सने २००० मध्ये समसमान उमेदवारीचा कायदा केला. संसदेसाठी शिक्षा होती सरकारी निधीत कपातीची. मोठ्या पक्षांनी कपात सोसली, आणि २००२ मध्ये महिलांचे प्रमाण १०.९ वरून जेमतेम १२.३ टक्क्यांवर गेले. याच कायद्याखाली मोठ्या गावांच्या नगरपालिकांसाठी दिलेली यादी नियमात नसेल तर सरळ बाद होत होती. तिथे २००१ मध्येच प्रमाण निम्म्याजवळ पोचले.

दुसरा प्रश्न, जागा रिकामी झाली तर कोण बसतो? मेक्सिकोत २००९ मध्ये काही महिलांनी शपथ घेतली आणि लगोलग जागा सोडली. पर्यायी सदस्य म्हणून आत आले ते पुरुष, काही ठिकाणी नवरेच. सरपंचपती ठाऊक असलेल्याला याचे नवल वाटायचे नाही. पुढे निवडणूक न्यायाधिकरणाने पर्यायी सदस्यही महिलाच असण्याची अट घातली.

यादीपद्धत असेल तर क्रमांकही बघा. दहा जागा येणाऱ्या पक्षाच्या यादीत अकराव्या नंबरची महिला शोभेपुरतीच.

५. उमेदवार आणि विजेते वेगळे मोजा
२०२४ च्या लोकसभेसाठी ८,३६० उमेदवारांत महिला सुमारे ८००, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत. त्यांतल्या नऊ टक्क्यांवर जिंकल्या. बाकी उमेदवारांत हेच प्रमाण सहाच्या आसपास. यावरून ‘मतदार महिलांना झुकते माप देतात’ असे लिहू नका. अपक्षांची मोठी गर्दी पुरुषांकडचे प्रमाण खाली ओढते. तुलना मोठ्या पक्षांच्या उमेदवारांपुरतीच करा; तिकीट कुठे अडते ते तिथेच कळते.

भारताच्या तक्त्यात ‘राखीव’ रकान्याचे दोन भाग करून ठेवा: अप्रत्यक्ष भरलेल्या जागा आणि थेट लढतीच्या. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीतल्या एक तृतीयांश जागा रवांडा किंवा पाकिस्तानसारख्या नाहीत. त्या थेट मतदारसंघ आहेत आणि मतदारसंघांच्या प्रत्येक सीमांकनानंतर (फेररचनेनंतर) फिरणार आहेत. ती तरतूद लोकसभा आणि विधानसभांसाठी आहे. राज्यसभा तिच्यात नाही, त्यामुळे दोन्ही सभागृहांच्या एकत्रित आकड्यात ३३ टक्के आपोआप धरू नका.