स्टाउरहेडची बाग पाहायला जाण्यापूर्वी

विल्टशायरमधील स्टाउरहेडची बाग पाहायला लंडनहून रेल्वेने जायचे ठरले, की सर्वांत आधी परतीची टॅक्सी ठरवावी. जायची नव्हे, परतीची. जाताना अडचण आली तरी अख्खा दिवस हाती असतो. संध्याकाळी बागेच्या फाटकाशी उभे राहिल्यावर भोवताली फक्त शेते आणि एक लहानसे गाव असते, आणि स्टेशन तेथून दहा-अकरा किलोमीटरवर. मागच्या खेपेस आमची नेमकी हीच गोष्ट राहिली. तपशिलात शिरत नाही; आईचे गुडघे दुखतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तिकीट लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून एक्सेटरकडे जाणाऱ्या गाडीचे, उतरायचे डॉर्सेटमधील गिलिंगहॅमला. याच स्पेलिंगचे दुसरे स्टेशन केंटमध्ये आहे (तेथील लोक ‘जिलिंगहॅम’ म्हणतात), तेव्हा यंत्राच्या पडद्यावर ‘डॉर्सेट’ वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. सॅलिसबरीच्या पुढे रूळ बराचसा एकेरी असून गाडी साधारण तासाला एक असते. म्हणून परतीच्या टॅक्सीला गाडीच्या वेळेच्या निदान पाऊण तास आधी बोलवावे आणि टॅक्सीवाल्याचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा. फोनला रेंज असेलच, या भरवशावर राहू नये.

दिवस निवडताना आपल्याला काय पाहायचे आहे, हे आधी ठरवावे. ऱ्होडोडेंड्रॉनची फुले हवी असतील तर मे अखेर ते जूनचा आरंभ, पानांचे रंग हवे असतील तर ऑक्टोबर. मात्र फुलांचा हा भडकपणा मूळ योजनेतला नाही. लंडनच्या पेढीवाल्या घराण्यातील दुसऱ्या हेन्री होअरने १७४० च्या दशकात ही बाग मांडायला घेतली, तेव्हा त्याला हिरव्या रंगाच्याच छटा, सावली आणि पाणी यांतून चित्र उभे करायचे होते. ऱ्होडोडेंड्रॉन त्याचा नातू रिचर्ड कोल्ट होअर याने १७९० नंतर आणले. माझ्या मते फुले नसतानाच बाग अधिक कळते, पण घरच्यांना हे पटवणे अवघड.

फिरण्याची दिशा ठरवून जावे. बरेच लोक गावाकडच्या बाजूने आत शिरतात आणि पुलापलीकडचे पँथिऑन (रोममधल्या मंदिराच्या धर्तीचे घुमटाचे देऊळ) दिसताच फोटो काढून मोकळे होतात. बागेची रचना मात्र होअर कुटुंबाच्या घराकडून खाली उतरून, तळे डाव्या हाताला ठेवत चालण्यासाठी आहे. त्या क्रमाने फुलांची रोमन देवी फ्लोरा हिचे मंदिर आधी लागते. त्याच्या दारावरची लॅटिन ओळ रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्यातली आहे, ‘अपवित्रांनो, दूर राहा’ अशा अर्थाची. काव्याचा नायक पाताळात उतरण्यापूर्वीची ती ताकीद आहे, हे माहीत असले की पुढची गुहा नुसती गंमत वाटत नाही. गुहेत अंधार असतो, पायाखालचे दगड ओले असतात, झोपलेल्या अप्सरेच्या पुतळ्याखालून झऱ्याचे पाणी वाहत असते, आणि बाजूच्या ओबडधोबड खिडकीतून तळे एकदम पाण्याच्या पातळीवरून दिसते. तेथे घाई करू नये. पुढे नदीच्या देवाचा पुतळा आणि वर चढणाऱ्या खडबडीत पायऱ्या आहेत. वयस्कर माणसांना किंवा बाबागाडी असलेल्यांना बाहेरच्या वाटेने न्यावे. चांगल्या पकडीचे बूट हवेत. छत्रीबद्दल काय सांगायचे, इंग्लंड आहे.

पँथिऑन १७५० च्या दशकातले. आतला हर्क्युलिसचा पुतळा शिल्पकार रिसब्रॅकचा आहे. दार उघडे असले तर पाहावा, बंद असले तर जाळीतून. अपोलोच्या मंदिराची चढण दमवणारी आहे, पण तळ्याचे सर्वांत चांगले दर्शन तेथूनच होते. तळ्याभोवतीची फेरी दोन-अडीच किलोमीटरचीच असली तरी चढउतार धरून अडीच तास ठेवावेत, आणि निघण्याची वेळ झाली की निघावे. टॅक्सी थांबत नाही. टॅक्सी ठरवली आहे ना?

घराच्या वेळा बागेपेक्षा वेगळ्या असतात. आता ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याच तारखेच्या पाहाव्यात. १९०२ मध्ये घराचा मधला भाग जळाला होता आणि पहिल्या महायुद्धात एकुलता एक मुलगा गेल्यामुळे कुटुंबाने १९४६ मध्ये सारे ट्रस्टला दिले, एवढे लक्षात असले तरी खोल्या पाहायला पुरते. किंग आल्फ्रेड्स टॉवर हा याच जमिनीवरचा मनोरा लांब आहे, त्याच दिवशी चालत जाऊ नये. डबा न्यावा. पाण्याची बाटली. औषधे. रविवारी रेल्वेची दुरुस्ती चालते, वेळापत्रक आदल्या रात्री पुन्हा पाहावे, आणि गाडीची वेळ बदलली असेल तर टॅक्सीवाल्यालाही त्याच रात्री कळवावे.