गाडी बंद, तरी कार्बोरेटर रिकामा: अॅम्बेसेडरचे पेट्रोल जाते कुठे?

दोन-तीन दिवस उभी असलेली अॅम्बेसेडर सकाळी भरपूर सेल मारल्याशिवाय सुरू होत नसेल, तर पेट्रोल टाकीकडे परत गेले असे सर्रास सांगितले जाते आणि टाकीतून पेट्रोल ओढणारा नवा पंप गळ्यात पडतो. पंपाचे व्हॉल्व्ह कमजोर असतील तर पाइप रिकामा होतो हे खरे, पण फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) त्या वाटेने रिकामा होत नाही. पेट्रोल आत येण्याची जागा चेंबरमधल्या पातळीच्या वर असते. म्हणून आधी शोधायचे ते एवढेच: पेट्रोल उडते आहे की गळते आहे?

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आग विझवण्याचे सिलिंडर जवळ ठेवा. चेंबरचे झाकण उघडून सिरिंजने नेहमीच्या पातळीपर्यंत पेट्रोल भरा, पातळी मोजा, झाकण लावा, खाली पांढरा कागद अंथरा. इंजिन सुरू न करता 24 तासांनी पुन्हा मोजा. किंचित घट चालेल. चेंबर निम्मा झाला तर गळती आहे: एसयू बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या) बुडाशी आणि चेंबरकडून येणाऱ्या बारीक नळीच्या जोडावर, सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये अॅक्सिलरेटर पंपाच्या डायाफ्रामवर (लवचीक पडद्यावर) आणि खालच्या प्लगवर ओल शोधा. पातळी टिकली, पण गाडी तापवून उभी केल्यावर घसरते, तर दोष उष्णतेचा.

या इंजिनात तो व्हायचाच. इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारे आणि धूर बाहेर नेणारे पाइप) एकाच बाजूला, कार्बोरेटर थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर. इंजिन बंद होताच पाणी फिरायचे थांबते, पंख्याचा वारा थांबतो, आलेले थंड पेट्रोलही थांबते. मॅनिफोल्डची सगळी धग वर चढते. आता पेट्रोल पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते एकटे 78 अंशांना उकळते, पण पेट्रोलात मिसळले की त्याहून कमी तापमानालाच मिश्रणाचा मोठा भाग वाफ होऊन निघतो.

उकळलेले पेट्रोल नेहमी बाहेरच उडते असेही नाही. बरेचदा ते जेटमधून वर येऊन मॅनिफोल्डमध्ये सांडते. गरम इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी एअर क्लीनर काढून टॉर्चने आत पाहा (काडी किंवा लायटर अजिबात नको): नॉझलच्या टोकाशी थेंब जमतो, टपकतो, पुन्हा जमतो. हेच दिसत असेल तर चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्हही तपासा, कारण पंप आणि चेंबरमधल्या पाइपातले पेट्रोल तापून फुगते आणि झिजलेली निडल ते अडवू शकत नाही. निडल बदलताना सीटही बदला. पितळी फ्लोट (चेंबरमधला तरंगणारा पोकळ गोळा) शेगडीपासून दूर, गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर तो भोकाळला आहे. पंपाचा दाब 2 ते 3 पीएसआय पुरतो.

उष्णतेवर खरा इलाज कार्बोरेटरखाली 6 ते 10 मिमी जाडीचा बॅकेलाइटचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लॅस्टिकचा) इन्सुलेटर. दोन्ही बाजूंना नवे गास्केट, त्या जाडीइतके जास्त लांब स्टड, आणि घट्ट करताना नट आलटून पालटून. एकाच बाजूने आवळले तर फ्लँज (कार्बोरेटरची बसायची पट्टी) वाकतो, हवा ओढतो आणि आयडलिंग बिघडते. त्यानंतर अॅक्सिलरेटरची आणि चोकची केबल पुन्हा सेट करा. एक्झॉस्टच्या वर अॅल्युमिनियमचा पत्रा लावला तर फार फरक पडतो. रबरी पाइप मात्र इथेनॉल सोसणारेच घ्या. जुने आतून फुगतात आणि भुसभुशीत होतात.

तोवर सुरू करायची पद्धत बदला. गरम इंजिन: चोक नको, पेडल पूर्ण दाबून धरा, पंपिंग न करता सेल मारा, सुरू होताच पेडल सोडा. बरेच दिवस उभी गाडी: पंपाला हातलिव्हर असेल तर जोर लागेनासा होईपर्यंत दाबा, मग चोक ओढून सेल मारा. लिव्हर मध्येच सैल लागत असेल, तर कॅम पंपाच्या आर्मवर चढलेला असतो; इंजिन थोडे फिरवून पुन्हा दाबा. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल मारू नका, बॅकफायर झाला तर ज्वाळा थेट वर येते.

डिपस्टिकवरच्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नका. पंपाचा डायाफ्राम फाटून पेट्रोल सम्पमध्ये (इंजिनच्या तळच्या तेलाच्या टाकीत) जात असण्याची शक्यता आहे. डायाफ्राम बदला, तेल आणि फिल्टरही बदला.