गाडीच्या मागच्या काचेवरची जुनी फिल्म काढताना

जुनी फिल्म थंडच ओढली की तिचे तुकडे पडतात आणि गोंद काचेवरच राहतो. कोपरा हेअर ड्रायरने मिनिटभर तापवा, नखाने उचला आणि सावकाश सोलत न्या. गरम हवा सुटणाऱ्या कडेवरच धरा. हीट गन असेल तर सतत हलती ठेवा, एकाच जागी तापलेली काच तडकू शकते. उरलेल्या गोंदावर साबणाचं पाणी मारून 5-10 मिनिटं मुरू द्या. बाजूच्या काचांवर ओलं ब्लेड चालतं. मागे मात्र अजिबात नको: डिफॉगरच्या (काच तापवून धुकं घालवणाऱ्या) बारीक रेषा काचेच्या आतल्या बाजूला, फिल्मच्याच खाली असतात. एक रेष तुटली की तिथलं धुकं जात नाही. तिथे प्लास्टिकची पट्टी, तीही रेषांच्या दिशेनेच.