दुसरा भाग फसला? मालिका सोडण्याआधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विज्ञानकथा मालिकेचा दुसरा भाग पहिल्याच्या मापानं मोजणं. पहिला भाग बऱ्याचदा वाहिनीला मालिका विकण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे त्यावर वेळ आणि पैसा सढळ हातानं ओततात. दुसऱ्यापासून रोजची घाई सुरू होते. शिवाय पहिला भाग चुकलेल्यांना सगळी ओळख पुन्हा करून द्यावी लागते, म्हणून कथा रेंगाळते. राजारामपुरीत आम्ही मित्र एकत्र बसून बघतो. पहिल्याला 'नादखुळा' म्हणणारेच दुसऱ्याला "काय दम न्हाई भावा" म्हणत उठतात. त्या रात्री निकाल देऊ नका.

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पुढचे तीन भाग आदिमानवांच्या टोळीत, विस्तव कोण पेटवणार या भांडणात गेले. ज्या डॅलेक नावाच्या चिलखती परग्रहवासी खलनायकांनी तिला घराघरांत पोचवलं, ते दुसऱ्या कथेत, डिसेंबरच्या अखेरीस आले. दुसऱ्या भागालाच कंटाळलेल्यांची ती गंमत हुकली.

क्रम न तपासणं ही दुसरी चूक. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीनं २००२ मध्ये 'फायरफ्लाय' ही अंतराळातली मालिका दाखवताना, सगळ्यांची ओळख करून देणारा मूळ पहिला भाग थेट डिसेंबरात लावला, बाकीचे बरेच भाग होऊन गेल्यावर. पात्रं उपरी वाटत असतील तर आधी भाग क्रमांक बघा.

यान खेळण्यातलं दिसतंय? टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. डबिंग सपाट वाटत असेल तर मूळ आवाज लावून सबटायटल घ्या.

हे सगळं करूनही मन लागत नसेल तर मालिकेनं स्वतःचे नियम पाळलेत का ते तपासा. माझ्या लेखी खरी कसोटी हीच. पृथ्वीवरून मंगळावर रेडिओ संदेश पोचायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. पहिल्या भागात या विलंबावरच सगळा ताण उभा केला आणि दुसऱ्यात नायिका मंगळावरून आईशी शेजारच्या खोलीत असल्यासारखी बोलली, तर तो लेखकाचा आळस आहे. संथपणा मी सहन करीन, हे नाही. एखादं नवं यंत्र शोधलं असेल तर तसं सांगायला एक वाक्य पुरतं. तिसऱ्या भागातही ते वाक्य आलं नाही तर मालिका खुशाल सोडा.