सामाजिक कार्यक्रमांचे मूल्यमापन करताना या चुका टाळा

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाच्या, नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ज्या कंपन्यांचे सीएसआर दायित्व मागील तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना १ कोटी रुपये आणि त्यापुढच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घेणे तेव्हापासून बंधनकारक झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्याही पुष्कळ आणि वस्त्याही पुष्कळ, त्यामुळे अहवाल भराभर निघू लागले. त्यांतले काही माझ्याकडे पडताळणीसाठी येतात. नकाशे रंगीत असतात, आलेख देखणे असतात आणि चुका त्याच त्या असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुपारचे सर्वेक्षण. तुर्भे स्टोअर परिसरातील मुलींना रुग्ण-सहायक म्हणून तयार करणाऱ्या एका प्रशिक्षण वर्गाचा अहवाल माझ्यापुढे आला होता. बहुसंख्य प्रशिक्षणार्थी बेरोजगार असून वर्गाचा उपयोग झालेला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि त्या आधारावर निधी थांबवण्याची शिफारसही करून झाली होती. मी मूळ नोंदी मागवल्या. कोबो या मोबाइलवरील सर्वेक्षण-प्रणालीवर भरलेल्या प्रत्येक फॉर्मला वेळेचा शिक्का असतो. इथे जवळजवळ सगळे फॉर्म सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत भरलेले होते. यादीतील जी मुलगी घरी भेटली नाही, तिच्यापुढे ‘उपलब्ध नाही’ अशी खूण करून सर्वेक्षकाने पुढचे नाव घेतले होते. मात्र शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात त्याच सर्वेक्षकाने प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते: ‘ड्युटीवर’, ‘आई म्हणाली रात्री आठला येते’, ‘डबल ड्युटी’. ज्यांना नोकरी लागली होती त्या नोकरीवर होत्या, म्हणून त्या नमुन्यातून गळल्या, आणि ज्या घरी होत्या त्यांच्यावरून वर्गाचा निकाल लागला. तो रकाना अहवाल लिहिणाऱ्याने उघडूनही पाहिला नव्हता. पुन्हा संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी माणसे पाठवली, तेव्हा चित्र पालटले. शिफारस मागे घ्यावी लागली.

यावर माझी सवय अशी आहे की, एका नावासाठी तीन वेगवेगळ्या वेळी फेऱ्या झाल्याशिवाय मी ते नाव सोडू देत नाही, आणि त्यांतली एक फेरी संध्याकाळी सातनंतरची असलीच पाहिजे. औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी सगळ्यांना रविवारीच असते असे गृहीत धरू नये. आधी विचारून घ्यावे. बदली नाव घेण्याचा अधिकार सर्वेक्षकाला मुळीच देऊ नये. दिवसाला ठरावीक फॉर्म भरलेच पाहिजेत असे बजावून पाठवलेला नवशिका मुलगा बदली नावच घेणार. त्यात त्याचा दोष कमी आणि उद्दिष्ट ठरवणाऱ्याचा जास्त आहे.

याच चुकीला आणखी एक शाखा फुटते. नियमानुसार मूल्यमापन प्रकल्प पूर्ण झाल्यावर किमान एक वर्षाने करायचे असते आणि दिघा, रबाळे, कळवा भागांतील भाड्याच्या खोल्यांचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. तेवढ्यात कुटुंब खोली बदलते, मोबाइलचा नंबरही बदलतो. म्हणून नाव नोंदवतानाच गावाकडचा पत्ता आणि दोन नातेवाइकांचे नंबर, अर्थात त्यांच्या संमतीने, घेऊन ठेवावेत. वर्षभरानंतर हे काम होत नाही.

दुसरी चूक जिल्ह्याच्या आकड्यांची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतील एक कोटी दहा लाखांचा ठाणे जिल्हा म्हणजे जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांच्यासह पंधरा तालुक्यांचा जिल्हा. आज उरले आहेत सात. २०१५-१६ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०११ च्या जिल्हारचनेवर आधारलेले होते, २०१९-२१ चे नव्या रचनेवर. या दोन ‘ठाण्यां’चे आकडे शेजारी ठेवून बालकांचे कुपोषण घटल्याचे श्रेय घणसोलीतील पोषण-प्रकल्पाला देणारा अहवाल मी वाचला आहे. जी गावे जिल्ह्यातूनच बाहेर गेली, त्यांच्या जाण्याने पडलेला फरक प्रकल्पाच्या खात्यावर जमा झाला होता. नवी मुंबईच्या बाबतीतही असाच घोळ होतो: खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यात आहेत आणि ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत, तरी त्यांची भर नवी मुंबई महानगरपालिकेच्या आकड्यांत टाकली जाते. मी कोणत्याही तक्त्याखाली हद्द आणि वर्ष लिहिल्याशिवाय तो तक्ता पुढे जाऊ देत नाही. पाच मिनिटांचे काम आहे, पण घाईत असलेल्या मंडळींना तेवढाही धीर नसतो.

शहापूर-मुरबाडच्या कातकरी पाड्यांवर फेब्रुवारीत पायाभूत, म्हणजे प्रकल्पाआधीची स्थिती नोंदवणारे, सर्वेक्षण करू नये, कारण दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. संस्थेची ताई शेजारी बसलेली असताना ‘तुम्ही समाधानी आहात का’ हा प्रश्न विचारूच नये. माणसे ताईचा मान राखतात. शिबिराची उपस्थिती हा परिणाम नव्हे. लाभार्थ्यांची यादी केवळ संस्थेकडून घेऊ नये, हजेरीपटाशी ताडून पाहावी, म्हणजे मध्येच सोडून गेलेलेही सापडतात. व्हॉट्सअॅपवर फॉर्मची लिंक टाकून जे उत्तर येते, ते स्मार्टफोन हाती असलेल्यांचे आणि संस्थेवर खूश असलेल्यांचे असते. त्याला सर्वेक्षण म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे.

प्रश्नावलीची वस्तीत पूर्वचाचणी न करता थेट मोबाइलवर फॉर्म बसवायला घेणाऱ्या नव्या मंडळींना मी आधी कागदावर दहा मुलाखती घ्यायला लावतो. ‘मासिक उत्पन्न किती’ या प्रश्नाला घरकाम करणारी बाई चार घरांचे वेगवेगळे पगार सांगते, आणि त्यांची बेरीज कोणी करायची हे फॉर्मला ठाऊक नसते.

एवढे सगळे परवडत नाही, अशी तक्रार येतेच. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर मूल्यमापनाचा खर्च त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढ्या मर्यादेपर्यंत सीएसआरमध्येच धरता येतो. ही तरतूद कंपनीला पहिल्याच बैठकीत दाखवावी, आणि सर्वेक्षकांच्या संध्याकाळच्या फेऱ्यांचे मानधन व रात्री परतण्याचे रिक्षाभाडे अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत मांडावे. ‘इतर खर्चा’त घातले की कपात तिथूनच सुरू होते.