दसऱ्याआधी पोस्टात: जवानांच्या खोक्यांची तयारी

जवानांना दिवाळीचा फराळ पाठवायचा विषय निघाला की आमच्या वाडीतल्या बायका आधी भाजणीचं विचारतात. मी म्हणते, आधी पत्ते. तेही गणपतीतच. तेव्हा चाकरमानी आलेले असतात, घरं भरलेली असतात, पोराची आई, भाऊ, बायको कुणी ना कुणी समोर भेटतं. गणपती गेले की निम्म्या घरांना कुलूप, उरलेली माणसं शेतात. मग फोनवर पत्ता घेताना एक आकडा इकडचा तिकडे होतो आणि दोन महिन्यांनी खोकं दारात परत.

पत्त्यात जवानाचा सैन्यातला नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि पिन एवढं हवंच. खाली द्वारा ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस. ५६ चं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसातून पुढे जातं, ९९ चं कोलकात्याच्या. एपीओच्या पत्त्यातला पिन ९ ने सुरू होतो. तसा नसेल तर परत विचारा. पोरगा कुठल्या डोंगरावर आहे हे आईला ठाऊक असलं तरी खोक्यावर ठिकाणाचं नाव घालायचं नाही. नौदलातल्या पोरांसाठी जहाजाचं नाव आणि द्वारा फ्लीट मेल ऑफिस. मुंबईचं की विशाखापट्टणमचं, ते घरच्यांकडून पक्कं करा. जहाज समुद्रात असेल तर खोकं बंदरावर वाट बघत पडतं, तेव्हा त्यात महिनाभर टिकेल तेवढंच. खाजगी कुरिअरच्या नादी लागू नका, एपीओच्या पत्त्याला पोस्टच लागतं. आणि हे सगळं वहीत लिहा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको. रचलेल्या खोक्यांचा फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो, आम्हालाही झाला. काढा, पण पत्त्याची बाजू भिंतीकडे करून.

ओळखीचं कुणीच सैन्यात नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, किंवा गावातल्या निवृत्त फौजीला गाठा. बिननावाचं खोकं कुठल्याही छावणीवर ढकलून देऊ नये. पाठवणाऱ्याचं नाव आणि फोन बाहेर ठळक हवा.

आता तारखा. दसरा ते लक्ष्मीपूजन वीस दिवस, तेवढे वाटेत जातात असं धरा. म्हणजे खोकी दसऱ्याआधी पोस्टात आणि तळणी नवरात्राच्या पहिल्या दिवसांत. नेमकी तेव्हाच हळवी, म्हणजे लवकर पिकणारी, भातं कापणीला येतात. दिवसा बाई मिळत नाही. आम्ही संध्याकाळी सातनंतर बसतो, आणि कुणाच्या घरी घट असेल तर तिला त्या दिवशी बोलवत नाही.

कोकणात खरा शत्रू दमट हवा. चकली हाताला गार लागली की लगेच पिशवीत घाला. गरम घातलीत तर आत वाफ धरते, रात्रभर परातीत ठेवलीत तर सकाळी सादळलेली असते. बचत गटाचं काजूचं सीलिंग मशीन दोन रात्रींसाठी मागून आणा. पिशवीतली हवा दाबून काढा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, पिशवी फुग्यासारखी होते आणि शिवण उसवते. चकली पिशवीसकट डब्यात उभी रचायची आणि फटीत कुरमुऱ्याचा चिवडा भरलेल्या लहान पिशव्या कोंबायच्या. ही युक्ती आम्हाला तिसऱ्या वर्षी सुचली.

पहिल्या वर्षी आम्ही ओल्या नारळाच्या करंज्या पाठवल्या होत्या. आमच्याकडे करंजी म्हणजे तीच, दुसरं डोक्यात आलंच नाही. मुलाने फोनवर "छान होत्या" म्हणून सांगितलं. पुढच्या मे महिन्यात त्याचा मित्र सुट्टीवर आला तेव्हा कळलं, डबा उघडला तर आत हिरवट केसाळ बुरशी. ही पोरं आईला तक्रार सांगत नाहीत. म्हणून आता मी "कसं होतं" विचारतच नाही, "चकल्या अख्ख्या किती निघाल्या" असं विचारते.

तेव्हा ओला नारळ बाद. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटीही नको. तेलामुळे ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, विमानाच्या मालात चालत नाही. कोकमाचं आगळ, खोबरेल, लोणचं, जे जे सांडतं ते घरीच. बेसनाचे लाडू चालतात, पण लहान वळा. थंडीत तूप गोठलं की मोठ्या लाडवावर दात टेकत नाही. नाचणीच्या लाडवाचंही तेच. सगळ्यात बिनघोर म्हणजे भाजलेले काजूगर, आंबापोळी, फणसपोळी, मालवणी खाजा, आणि दोन पिशव्यांत बांधलेली आमसुलं. कुळथाचं पीठ दर वर्षी कुणीतरी आणतंच आणि मी ते खोक्यात घालते, पिठल्याची आठवण कुणाला येत नाही? सुकटीचा वाद मात्र दर वर्षी होतो. गेल्या खेपेला एक काकी हटूनच बसली, "गो, दोन पिशयो घालूया ना, वास खय येतलो?" वास येतो. पोस्टाच्या थैलीतल्या बाकीच्या पार्सलांनाही येतो. काकी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

खाण्याव्यतिरिक्त फार काही लागत नाही, गरम कपडे सरकार देतं. व्हॅसलिनची डबी, लोकरी मोजे, सुईदोरा, खेळायच्या पत्त्यांचा जोड. साबण घातलात तर लाडवांना त्याचा वास लागतो, घालू नका. काडेपेटी, लायटर, स्प्रे, पॉवर बँक पोस्टात चालत नाही. मुलांची पत्रं घाला, पण आधी वाचून. शाळेत फळ्यावरून उतरवून घेतलेली चाळीस सारखी पत्रं कोण वाचणार? उरलेल्या जागेत आपल्याकडचं वर्तमानपत्र चुरगाळून भरा. ते उलगडून वाचलं जातं, एसटीच्या बातम्यांसकट. खाण्याला मात्र ते लागू देऊ नका.

खोकं पाच किलोच्या आत ठेवा, परतीच्या पावसासाठी आतून प्लॅस्टिक लावा, वस्तूंची यादी आत ठेवा. पोस्टात दुपारी बंद व्हायच्या वेळी वीस खोकी घेऊन उभं राहू नका, आदल्या दिवशी सांगून या. पावती घरच्यांना द्या आणि हेही सांगा की बेस पोस्ट ऑफिसच्या पुढचा प्रवास मोबाईलवर दिसेलच असं नाही, घाबरायचं कारण नाही.

आणि दोन खोकी रिकामी ठेवा. टेप मारून झाल्यावर कुणीतरी पत्ता घेऊन येतंच.